गयाबाईच्या पोरीचा हात

"घे गं पोरी. थोड्या वळून दाखव," ठकूबाई म्हणाली आणि तिनं सूप माझ्या मांडीकडे सरकवलं.

सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं होती, कात्री होती, पान कापायचा पत्र्याचा तुकडा होता, वाटीभर तंबाखू आणि लाल दोऱ्याचं रीळ. सूप आमचंच. वयाच्या नवव्या वर्षापासून ते रोज माझ्या मांडीवर होतं. पण त्या दिवशी मी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी पुढ्यात बाजाची पेटी आणून ठेवली आहे आणि वाजव म्हणतंय.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला विडी वळता येत नाही, असं मी आदल्या दिवशी ठरवून टाकलं होतं.

आमच्या तळेवाडीत मुलगी बघायला आले की आधी हात बघत, मग तोंड. रंग थोडा उजवा-डावा चालायचा, हात चालायचा नाही. गावची जमीन सगळी मुरमाड, आणि तीही थोड्या घरांची. बाकीच्यांच्या चुली विडीवर पेटायच्या. बायका दिवसभर ओट्यावर सुपं घेऊन बसायच्या आणि संध्याकाळी कारखान्याच्या वखारीत माल द्यायला रांग लावायच्या. तिथं चेकर बसलेला असे. तो प्रत्येकीच्या मालातून मूठभर विड्या उचलायचा, दाबून बघायचा, सैल लागली की बाजूच्या पाटीत फेकायचा. त्या फेकलेल्या विड्यांना छाट म्हणायचे. छाट गेली की बाईची दिवसाची मेहनत तर जायचीच, वर चारचौघींत मान खाली घालावी लागायची ती वेगळी.

माझ्या आईची, गयाबाईची, छाट कधी निघाली नाही. चेकर तिच्या मालाला हात लावायचा तो निव्वळ रीत म्हणून. आई विड्या मोजायची नाही. गप्पा मारत, रडत, भांडत, कशीही वळो, तिचा हात सुपाच्या कडेला पाचापाचाच्या ओळी घालत जायचा. पाच ओळी झाल्या की ती मान खाली न करता मूठ भरायची, दोरा फिरवायची, की झाला पंचविसाचा कट्टा. मी तिच्याच हाताखाली शिकले. माझा हात तिच्याहून जलद आहे असं लोक म्हणायचे. आई ते ऐकून गाल फुगवायची, पण तिला आतून गुदगुल्या व्हायच्या.

वडील चुनाभट्टीवर कामाला होते. चुन्यानं त्यांची छाती खाल्ली आणि मी सातवीत असताना ते गेले. तेव्हापासून मामानं आमच्याकडे पाहिलं. वाईट काही म्हणायचं नाही, मामा देवमाणूस. पण देवमाणसाचं एक असतं, त्याला नाही म्हणता येत नाही. त्यानं वरुडीच्या ठकूबाईच्या सुदामचं स्थळ आणलं तेव्हा आईनं नुसती मान हलवली. सुदाम लाकडाच्या वखारीत कामाला होता, घर स्वतःचं होतं आणि ठकूबाईचं विडीचं कार्ड, ज्यावर कारखान्यातून पान-तंबाखू मिळतो, तीस वर्षांचं जुनं होतं. तिची बोटं आता आखडायला लागली होती. ते कार्ड चालवायला तिला घरात एक तरणा हात हवा होता. मामानं तिला सांगून ठेवलं होतं, "गयाबाईची पोर म्हणजे बघायलाच नको. एका बैठकीला हजार."

आणि त्याच आठवड्यात मला कागद आला होता. दहावीला मी शाळेत दुसरी आले होते. आमच्या कुलकर्णी बाईंनी माझ्याकडून नर्सच्या शिक्षणाचा अर्ज भरून घेतला होता, मी विसरूनही गेले होते. कागदावर लिहिलं होतं की पंधरा जुलैला जिल्ह्याच्या ठिकाणी हजर व्हा, राहायची-जेवायची सोय आहे. आणि खाली बारीक अक्षरात, उमेदवार अविवाहित असावी.

मी तो कागद आईला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. मग घडी करून तंबाखूच्या डब्याखाली सरकवून ठेवला आणि पुन्हा पान कापायला लागली.

"आई, काय करायचं?"

"मामा गुरवारी पावणे घिऊन येतोय."

"ते माहितीये. कागदाचं काय करायचं?"

"शाले, तुझा बाप गेल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली. मामानं नाही. त्याच्या शबुदाबाहेर मला जाता येत न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांनी नाही म्हणलं तर गोष्ट निराळी."

ती सहज बोलली असं मला वाटलं. पण माझ्या डोक्यात तेच घर करून बसलं. त्यांनी नाही म्हटलं तर. आणि ठकूबाई नाही कशी म्हणेल, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

बुधवारी दुपारभर मी चिंच आणि राख घेऊन हात घासले. विडी वळणाऱ्या बाईची बोटं तंबाखूनं पिवळी पडतात, आणि तो रंग सहजी निघत नाही. मी कातडी सोलायची बाकी ठेवली. शेजारची चांगुणा म्हणाली, "अगं, पावणे येणार म्हणून एवढी नटती व्हय?" मी लाजल्यासारखं केलं. माझ्यात नाटकाचे गुण आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

तर गुरुवारी सकाळी सूप माझ्यासमोर आलं. मामा भिंतीला टेकून बसला होता, चेहऱ्यावर तेल लावल्यासारखा आनंद. आई चुलीपाशी, चहाला साखर चांगुणाकडून आणलेली. नवरामुलगा बाहेर ओट्यावर बसला होता. मला दारातून फक्त त्याचे दोन पाय दिसत होते, आणि पाय तरी बरे वाटले. ठकूबाई माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. काळीसावळी, हाडं रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. डोळे मात्र चेकरचे. कुठंही पाहिलं तरी ती दाबून बघतेय असं वाटायचं.

मी पान उचललं.

चांगली विडी वळायला मला कधी विचार करावा लागला नव्हता. वाईट वळायला प्रत्येक विडीला करावा लागला. बोटं आपली आपण पान ओढून घट्ट करायची, मी ती सैल सोडायची. तंबाखू कमी घालायचा म्हटलं तरी चिमूट नेमकीच भरायची, मग थोडा मुद्दाम सांडावा लागायचा. विडीचं तोंड नखानं आत मुडपतात, ते मी अर्धं उघडं ठेवलं. दोरा कधी फार खाली, कधी फार वर बांधला. एक तर इतकी वाकडी वळली की मला स्वतःलाच हसू आलं. ते गिळायला खोकावं लागलं.

ठकूबाई मधूनमधून विचारत होती.

"साळा किती शिकली?"

"दहावी."

"पास का नापास?"

"पास."

"सैपाक येतो?"

"येतो."

"भाकरी थापून का पोळपाटावर?"

"थापून."

मी उत्तरं देत होते आणि हात चालू होता. मामाचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता हे मला न बघताही कळत होतं. आईकडे बघायची माझी छाती होत नव्हती. चुलीवरचा चहा उकळून उकळून काळा पडला तरी ती तो उतरवत नव्हती.

शेवटी मी हात पदराला पुसले आणि सूप पुढे सरकवलं. "झालं," मी म्हटलं.

ठकूबाईनं सूप ओढून घेतलं. विड्यांकडे बघत बसली. मला वाटलं होतं की एक-दोन उचलेल, तोंड वाकडं करेल, संपलं. पण ती बराच वेळ नुसती बघत राहिली. हात लावला नाही. मग एकदम माझा उजवा हात धरला, नाकाजवळ नेला आणि हुंगला. माझी तर पाचावर धारण बसली.

"चिच लावली व्हय गं हाताला?"

"आमटी केली होती," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. माझा हात तिनं सोडला नाही. माझ्याकडे पाहत होती. मी खाली बघत होते, पण तिची नजर मला कपाळावर जाणवत होती.

मामाच्यानं राहवलं नाही. "अवो ठकूबाई, घाबरली हाये पोर. एरवी हिचा हात... शाले, परत वळ. नीट वळ. पोरगी एका बैठकीला हजार..."

"रामभाऊ, समोर हाये ते खरं का तुमी सांगता ते?"

"अक्का, तू सांग की! तूच शिकीवलंय तिला!"

आता सगळे आईकडे बघायला लागले. त्या क्षणी माझा जीव अगदी दोऱ्यावर होता. आईनं एक वाक्य बोलायचा अवकाश होता, पोर नाटक करतीये, आणि मी आयुष्यभर वरुडीच्या त्या घरात ठकूबाईच्या कार्डावर विड्या वळत बसले असते.

आईनं चहा उतरवला. म्हणाली, "मी काय सांगू. समोरच हाये की."

ठकूबाईनं माझा हात सोडला. विड्यांवरून तळवा फिरवून सगळ्या एका जागी गोळा केल्या आणि मोठ्यानं, बाहेर ओट्यावरही ऐकू जाईल असं म्हणाली, "छाट हाये सगळी. न्हाई जमायचं आम्हाला."

उंबऱ्याबाहेरचे दोन पाय उठून उभे राहिले.

चहा कुणी घेतला नाही, एक ठकूबाई सोडून. ती तो काळा कडू चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याली आणि उठली. मामा तोंडातल्या तोंडात माफी मागत पुढे निघाला. पाहुण्यांना पोचवायला आई मारुतीच्या देवळापर्यंत गेली. परत यायला तिला पुष्कळ वेळ लागला. आली तेव्हा डोळे लाल होते. माझं काम झालं होतं, पण आईचं नाव मी धुळीला मिळवलं होतं, हे मला तेव्हा कुठं उमजलं. वीस वर्षांत जिची एक विडी परत आली नव्हती, तिच्या घरात बसून परकी बाई छाट म्हणून गेली होती.

आईनं पदर खोचला. सुपापाशी बसली. मी वळलेली एकेक विडी तिनं उलगडली, तंबाखू झटकून डब्यात टाकला, पान मांडीवर दाबून सरळ केलं आणि ओल्या फडक्यात ठेवलं. सगळी उलगडून झाल्यावर म्हणाली, "पंचवीस पानं."

"वाया गेली नाहीत ना?" मी भीतभीत विचारलं.

"पंचवीस," ती पुन्हा म्हणाली आणि उठून भाकरीचं पीठ मळायला लागली.

आठ दिवसांत ती बातमी पंचक्रोशीत झाली. वरुडीची ठकूबाई जिथं जाईल तिथं सांगत होती म्हणे, तळेवाडीच्या गयाबाईच्या पोरीला वळता येत नाही, नुसती छाट आहे. त्या बाईचा मला असा राग आला की काय सांगू. नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं, गावोगाव डांगोरा पिटायची काय गरज? मामानं आणखी दोन स्थळं मनात धरली होती, दोन्ही घरांनी परस्पर पाठ फिरवली. पाणवठ्यावर पोरी मला छाटीची शालन म्हणायला लागल्या.

आणि एका संध्याकाळी वखारीत चेकर आईला हसत म्हणाला, "काय गयाबाई, जगाला हात दाखवला, पोरीला शिकवायचं राहिलंच व्हय?"

मी आईच्या मागेच उभी होते, माझ्याच हातच्या चारशे विड्या पाटीत घेऊन. त्या आईच्या म्हणून जायच्या. पूर्वी एकदा याच चेकरनं एका म्हातारीची छाट काढली म्हणून आईनं त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. मला वाटलं, आता झापेल. ती म्हणाली, "न्हाई जमलं तिला. एकेकाच्या हातालाच नसतं."

चेकरनं आमच्या पाटीतून मूठ उचलली, दाबली आणि न बघता आत सरकवली. माझ्याच विड्या होत्या त्या.

जुलैच्या बारा तारखेला आईनं तंबाखूच्या डब्याखालचा कागद काढला. त्याला तंबाखूचा वास लागला होता.

"पंधरा तारीख म्हणलं व्हतं ना? मामाला मी सांगितलंय. आता इथं कोण पत्करणार तुला. जा, शिक कायतरी."

इतक्या तुसडेपणानं म्हणाली की मला आनंदसुद्धा धड झाला नाही. एस.टी.त बसताना मात्र तिनं खिडकीतून माझे दोन्ही हात धरले, उलटेपालटे करून पाहिले. "डाग जाऊ दे आता," म्हणाली. गाडी सुटली. ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून दोघींचं काम एकटीनं करायला बसली.

मी नर्स झाले. पुढे लग्नही झालं, कंपाउंडरशी, ज्यानं माझा हात फक्त घाबरत घाबरत धरला आणि त्यात काही दाबून पाहिलं नाही. आईला मी माझ्याकडे ये म्हणून किती वेळा विनवलं, ती आली नाही. "मला सुपाशिवाय करमत न्हाई," म्हणायची. त्या गुरुवारविषयी आम्ही दोघी कधीच बोललो नाही. दोन-चारदा माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, तर ती लगेच दुसरं काही काढायची. मग एका उन्हाळ्यात ती गेली, आणि ते तसंच राहिलं. माझ्या मनात कायम एक सल होता की आईनं मला शिकवलं आणि मी तिला खाली बघायला लावलं.

तिला जाऊन सहा वर्षं झाल्यावर माझी बदली वरुडीच्या उपकेंद्रात झाली. गावाचं नाव वाचून मी जरा चरकले, पण म्हटलं, बावीस वर्षांनी कोण कुणाला ओळखतंय.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. भिंतीवर तंबाखू खाऊ नका, विडी ओढू नका असली चित्रं, आणि समोर रांगेत बसलेल्या बायका निम्म्याहून अधिक विडी वळणाऱ्या. कंबर, डोळे, खोकला, बोटं. एका सकाळी एक म्हातारी आली. दोन्ही हातांची बोटं आत वळून अशी आखडलेली की मूठ उघडेना. चिमटीत काहीतरी धरलंय असाच हात दिसायचा, आणि हात रिकामा. मी कोमट पाण्यात हात बुडवायला सांगितलं, थोडं तेल चोळून दिलं. मग गोळ्या द्यायच्या म्हणून बाटली टेबलावर उपडी केली आणि तिच्याशी बोलत बोलत पंधरा गोळ्या काढल्या.

"सकाळी एक. उपाशीपोटी नाही घ्यायची, मावशी. काहीतरी खाऊन."

ती ऐकत नव्हती. टेबलाकडे बघत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"आजून पाचापाचाच्याच वळी घालतीस व्हय गं?"

मी खाली पाहिलं. पाच, पाच, पाच. तीन ओळी, आखून काढल्यासारख्या. मी हे रोज करत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं.

"तळेवाडीच्या गयाबाईची ना तू?" ती म्हणाली. "तोंड इसरले, पर ह्या वळी न्हाई इसरले."

तेव्हा मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू नव्हतं, पण डोळे तेच होते.

"ठकूबाई?"

"व्हय. तुझी व्हता व्हता राहिलेली सासू."

मला खुर्चीवरून उठावं की बसून राहावं कळेना. ती मात्र मजेत होती. "वाकड्या वळल्या, सैल वळल्या, तोंडं उघडी ठिवली. लई मेहनत घेतलीस बाई. पर ठिवल्या कशा? पाचाच्या पाच वळी! मी थोड्या म्हणले व्हते, आकडा सांगितला नव्हता. मी आपली सैपाक इच्यारत व्हते, भाकरी इच्यारत व्हते, तू बोलत व्हतीस, न्हाई मोजल्यास, आन् बरुबर पंचविसाला हात पुसलास. नवशिकी पोर ढीग घालती, ढीग. तसा हात धा वर्सं सूप मांडीवर असल्याबिगर व्हत न्हाई."

आईचं ते "पंचवीस" माझ्या कानात वाजलं. तीसुद्धा चुलीपाशी बसून तेच बघत होती.

"मग तुम्ही छाट का म्हणालात?" मी विचारलं. माझा आवाज मलाच सतरा वर्षांचा वाटला.

ठकूबाईनं हसू आवरलं. "मला बघाया आले तवा मी चौदाची व्हते. सूप पुढं ठिवलं आन् मला असा चेव आला, की चुलीवरचा चहा व्हायच्या आत कट्टा बांधून पुढं टाकला. लई खूश झाले. तिथंच पसंत केली. नाव मागनं इच्यारलं." तिनं आपले आखडलेले हात पाहिले. "तू तुझाच हात खोटा पाडत बसली व्हतीस. मला वाटलं, हिला कुठंतरी जायाचंय. आसं नेऊन ठिवली आसती तर जल्मभर आमच्या घरात वाकडंच वळलं आसतंस."

"आणि तुमचं कार्ड?"

"वळलं की मीच. बारा वर्सं. सुदामची बायको सैपाकाला लई चांगली, हात मंद. चालायचंच."

बारा वर्षं. त्या बोटांनी. मी पुन्हा तेलाची बाटली घेतली आणि उगाचच तिची बोटं चोळायला लागले, कारण दुसरं काय करावं सुचेना. पण माझ्या मनातला जुना राग राहिलाच होता. मी म्हटलं, "पण मावशी, गावोगाव कशाला सांगितलंत? आईला किती लागलं असेल. ती तुम्हाला पोचवून आली तेव्हा डोळे लाल झाले होते तिचे."

ठकूबाईनं माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"तुला न्हाई सांगितलं तिनं?"

"काय?"

"मारुतीच्या देवळापाशी तिनं मला थांबीवलं. सुदाम आन् तुझा मामा पुढं गेले व्हते. माझे दोनी हात धरले. म्हणली, ठकूबाई, तुमी वळखलंत, मला म्हायती हाये. एवढं केलंत, आजून एक करा. जिथं जाल तिथं सांगा, गयाबाईच्या पोरीचा हात छाट हाये. न्हायतर माझा भाऊ उद्या दुसरे पावणे आणील आन् मला न्हाई म्हणता यायचं न्हाई. मी म्हणले, बाई, तुझं नाव जाईल की. तर म्हणली, जाऊ दे. माझं नाव घिऊन पोर काय करील?"

मी तिचे हात चोळायची थांबले. चेकरसमोर उभी असलेली आई मला दिसली, पाटीत माझ्या विड्या आणि तोंडात "न्हाई जमलं तिला." तिनं ते वाक्य स्वतःच पेरलं होतं. तिची माफी मागायची म्हणता म्हणता मी सोळा वर्षं घालवली होती, आणि तिनंही मला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला कुणी उरलं नव्हतं. मी रडले. रांगेतल्या बायका आत डोकावत होत्या, तरी रडले.

ठकूबाईनं मला रडू दिलं. मग तिनं पायाशी ठेवलेली पिशवी दोन्ही मनगटांनी वर उचलली. वखारीतून सुनेसाठी पान, तंबाखू, दोरा घेऊन चालली होती, वाटेत उपकेंद्रात आली होती. तिनं पिशवी टेबलावर ठेवली.

"वळून दाखीव की एक. खरी."

"इथं?" मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. त्यातला खोकणारा माणूस माझ्याकडेच बघत होता.

"त्यो काय सांगतोय कुणाला."

मी पिशवीतलं पानांचं ओलं फडकं सोडलं. बँडेज कापायच्या कात्रीनं पान कापलं, पत्र्याशिवाय, अंदाजानं. चिमूटभर तंबाखू घातला. वाटलं होतं की विसरले असेन. पण बोटांनी पान ओढून घेतलं, माझ्या आधी, आणि ते घट्ट बसत गेलं. नखानं तोंड आत मुडपलं, लाल दोरा दोन वेढे फिरवून तोडला. सगळं मिळून एक श्वास लागला असेल. बावीस वर्षांनी माझ्या बोटांना पुन्हा तो वास लागला आणि क्षणभर आमच्या ओट्यावर आईशेजारी बसल्यासारखं वाटलं.

ठकूबाईनं ती विडी आपल्या दोन वाकड्या बोटांत धरली. दाबून पाहिली. तोंड पाहिलं, दोरा पाहिला, कानाजवळ नेऊन कुरकुर ऐकली. चेकरसुद्धा इतका वेळ घेत नसे. मी खरोखर पदराशी चाळा करत उभी होते.

मग तिनं ती विडी जपून कनवटीला लावली आणि बाहेर रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पसंत हाये."